हातचा

गावाचं नाव अजमान,
आणि मोजणी अजमासानं.

सुपरवायझर गठ्ठ्यावर हात ठेवतो,
डोळे किलकिले करतो, म्हणतो,
दीडशे असतील.
असतील म्हणजे काय?
एकशे ऐंशी शिवल्यात मी कॉलर.
प्रत्येकीची दोन टोकं उलटी करून
कात्रीनं बाहेर काढलीत,
अंगठ्याची कातडी बघा.

माझा बाप बार्शीच्या अडतीत मापाडी.
पहिल्या मापाला 'एक' म्हणायचा नाही,
'लाभ' म्हणायचा.
लाभ, दोन, तीन, चार.
माल कुणाचाही असो,
वरून सपाट हात फिरवायचा, सांडलेलं परत ओतायचा.
रात्री मला उंबऱ्यावर बसवून पावकी म्हणून घ्यायचा:
एक पाव पाव, दोन पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
मी कुरकुरायची, अब्बा, आता पावली पण चालत नाही बाजारात.
तो म्हणायचा, हमीदा,
कुणीतरी कधीतरी तुला पावात पैसे देईल.

भेटला तो.
एका कॉलरला पाव दिरहम.
करारात तसं लिहिलंय, म्हणतात.
करार पासपोर्टांबरोबर कपाटात,
कपाटाची किल्ली मॅनेजरच्या कमरेला.

चिठ्ठीवर नाव नाही, सव्वीस नंबर आहे.
सव्वीस नंबरनं महिन्यात तीन हजार नऊशे वीस शिवल्या,
नऊशे ऐंशी दिरहम, इथं सही कर.
माझे खडूचे फराटे सांगतात चार हजार सहाशे ऐंशी.
मग मधल्या सातशे साठ
कुठल्या हॉटेलातल्या कुठल्या वेटरच्या मानेभोवती
आपोआप उगवल्या?

संडासला जायचं तर टोकन, चार मिनिटं, दिवसातून दोनदा.
ते मात्र घड्याळ लावून मोजतात.

खोलीत आम्ही आठ जणी.
रात्री मी पावकी सुरू केली, उगाच, झोप येईना म्हणून.
वरच्या बाकावरून मोर्जिना म्हणाली, आमच्यात याला पोआ म्हणतात.
निलूकाचा पाव म्हणजे 'काल'.
आमच्यात काल म्हणजे गेलेला दिवस.
ती हसली. म्हणाली, तोच तर मागतोय आपण.
धनमायाला बेरीज शिकवली,
नऊ आणि चार तेरा, तीन खाली, हातचा एक.
हातचा म्हणजे?
मी म्हटलं, उत्तरात जो दिसत नाही,
पण सोडला तर सगळं चुकतं.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, परत सांग.

मंगळवारी सकाळी आम्ही मोठ्यानं मोजायला लागलो.
चार भाषांत, पण पहिली सगळ्यांची 'लाभ'.
आवाज बंद, तो ओरडला.
मशीनचा आवाज केवढा असतो, माहीत आहे का?
त्यावरून ऐकू जात होतं.
संध्याकाळी त्यानं मोर्जिनाच्या गठ्ठ्यावर हात ठेवला,
दीडशे.
मोर्जिनानं त्याच गठ्ठ्यावर आपला हात ठेवला.
एकशे बहात्तर.
लिही, मोज, नाहीतर राहू दे, पण हात काढणार नाही.
माझा पाय पायट्यावरून कधी उचलला गेला, कळलं नाही.
मग निलूकाचा. मग त्या पलीकडच्या ओळीतल्या,
ज्यांची नावं मला अजून माहीत नाहीत.
पहिल्यांदाच ऐकला छताच्या पंख्याचा आवाज,
एक पातं घासतं त्याचं.

त्यानं गठ्ठ्याची गाठ सोडली.
एकेक कॉलर उचलून मोजली, घाम पुसत.
'लाभ' नाही म्हणाला. एक म्हणाला.
चालेल.
एकशे बहात्तर भरल्या.

दुसऱ्या दिवशी टोकनं चार मिनिटांवरून तीनवर आणली,
मोर्जिनाला इस्त्रीच्या टेबलावर पाठवलं, वाफेत.
ती तिथूनही मोजते.

आणि माझे मागचे एकशे नव्वद दिरहम
अजून यायचेत.
कुणी विचारलं तर सांगते,
हातचे आहेत ते,
धरून ठेवलेत.